शब्दचर्चा : ‘कक्षांतर’ म्हणजे नक्की काय?

फोंड्याहून प्रश्न :
सूर्याखेरीज इतर ताऱ्यांच्या ग्रहमालांवरच्या एका मराठी लेखात वाक्य वाचलं : ‘लहान ग्रहांच्या मालेत कक्षांतर कमी असते.’ म्हणजे लहान ग्रह कक्षा सहसा बदलत नाहीत, की त्यांच्या कक्षा एकमेकींना खेटून असतात?

डिचोलीहून :
लेखकाच्या मनात दुसरा अर्थ, शब्दात पहिला. स्थलांतर, धर्मांतर, मतांतर... शेवटी ‘अंतर’ आलं की बहुधा ‘दुसरा’ असाच अर्थ निघतो. पक्षांतर तर आम्हा गोवेकरांना समजावायलाच नको! ग्रह जन्मल्यावर ताऱ्याकडे सरकतो, त्याला ‘कक्षांतर’ शोभेल. इथे सरळ ‘कक्षांमधलं अंतर’ लिहावं.

पेडण्याहून :
पटलं. पण ‘अंतर’ म्हटलं की वाचक किलोमीटर मोजायला बसतो. अभ्यासक बहुधा शेजारच्या दोन ग्रहांच्या परिभ्रमणकाळांचं गुणोत्तर बघतात. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत, सगळे साधारण पृथ्वीएवढे. पहिला १.५१ दिवसांत फेरी मारतो, दुसरा २.४२, तिसरा ४.०५. सातव्यापर्यंत हे गुणोत्तर १.३ ते १.७ च्या आतच. आपल्या गुरू-शनीचं जवळपास २.५.

केप्लर दुर्बिणीला सापडलेल्या ३५५ मालांमधल्या ९०९ ग्रहांचा अभ्यास २०१८ साली आला. एका मालेतले ग्रह आकाराने सारखे असतात, आणि ग्रह जितके लहान तितकी दाटी जास्त, असं त्यात दिसलं. कुळागरात पोफळी २.७ मीटरवर लावतात, माडाला ७.५ मीटर सोडावे लागतात, तसंच. ग्रहाच्या झावळ्या म्हणजे त्याचं गुरुत्वाकर्षण. त्याच्या पोचेला ‘हिल त्रिज्या’ म्हणतात. ती वस्तुमानाच्या घनमुळाप्रमाणे वाढते : वस्तुमान आठपट, तर त्रिज्या दुप्पट. फार जवळ आले तर ग्रह एकमेकांच्या कक्षा बिघडवतात.

डिचोलीहून :
मग ‘लहान’ म्हणजे व्यासाने की वस्तुमानाने, तेही लेखात हवं होतं. दुर्बिणीला ताऱ्यासमोरून जाणाऱ्या ग्रहाचा व्यास कळतो, ओढ मात्र वस्तुमानाची. केप्लर-३६ या ताऱ्याचे दोन ग्रह बघा : फेऱ्या सुमारे १४ आणि १६ दिवसांच्या, म्हणजे अगदी शेजारी. पण एक खडकाळ, पृथ्वीच्या दीडपट त्रिज्येचा, दुसरा पावणेचारपटीच्या आसपास आणि वायूने फुगलेला. एवढी दाटी, आणि आकार मात्र मुळीच जुळत नाहीत.