ऑस्कर चार्ल्सटन यांची ०.३६३ ची सरासरी : नोंद की दयादान?

मिडविकेट : मे २०२४ मध्ये मेजर लीगने (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) नीग्रो लीगचे, म्हणजे वर्णभेदामुळे वेगळे खेळावे लागलेल्या कृष्णवर्णीयांच्या लीगचे, आकडे आपल्या नोंदवहीत घेतले आणि बेसबॉलपटू चार्ल्सटन ०.३६३ च्या फलंदाजी सरासरीने (फलंदाजीच्या दर हजार अधिकृत संधींत ३६३ यशस्वी फटके) सर्वकालीन यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले. लहान हंगामांची १५४ सामन्यांच्या हंगामांशी बरोबरी करणे म्हणजे नोंद नव्हे, दयादान आहे.

रसिका : ‘दयादान’ वाचून राहवले नाही. लीगचे हंगाम लहान होते, कारण पोट भरण्यासाठी हे संघ उरलेले दिवस गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळत फिरत, आणि ते सामने या सरासरीत धरलेलेच नाहीत. क्रिकेटमधली ब्रॅडमन यांची ९९.९४ ची सरासरी अवघ्या ५२ कसोटींतली आहे. तिला मात्र आपण हात जोडतो! सेंटर फील्डला (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध) क्षेत्ररक्षण करताना चार्ल्सटन इतके पुढे उभे राहत की सेकंड बेसमागे पडणारे चेंडूही त्यांचेच, आणि डोक्यावरून गेलेलेही ते मागे धावत जाऊन टिपत. हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

मिडविकेट : या ऐकीव कथा झाल्या. १९१५ मध्ये पंचाला ठोसा मारल्याबद्दल त्यांना अटक झाली, हे मात्र पक्के आहे. त्यांना थोर मॅनेजर (संघ चालवणारा प्रशिक्षक) म्हणतात, पण असा माणूस थोर मॅनेजर कसा?

पिट्सबर्गकर : तेव्हा ते १९ वर्षांचे होते, हे आपण सोयीने गाळलेत. माझ्या इथल्या एका वृद्ध शेजाऱ्याचे वडील ग्रीनली फील्ड मैदानावर पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचे, म्हणजे चार्ल्सटन मॅनेजर असलेल्या नीग्रो लीग संघाचे, सामने पाहत. खेळाडू चार्ल्सटनना वचकून असत, पण त्यांचा शब्द मोडत नसत, असे ते सांगत. मला एवढे पुरेसे आहे.

दप्तरदार : मला नाही. चेंडूफेकीतला पेज आणि गिब्सन, बेल, जॉन्सन असे दिग्गज क्रॉफर्ड्समध्ये हाताशी असल्यावर मॅनेजरने नुसते बाकावर बसले तरी चालते. १९३७ मध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या पैशासाठी पेज आणि बेल त्याच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात खेळायला निघून गेले, तेव्हा हा वचक कुठे होता?

रसिका : हुकूमशहाच्या थैलीपुढे कोणाचा वचक चालतो? बाकावर बसण्याचे म्हणाल, तर १९३२ मध्ये पस्तिशीतले चार्ल्सटन फर्स्ट बेसवर स्वतः खेळत संघ चालवत होते. १९५४ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्यांनी इंडियानापोलिस क्लाउन्स या नीग्रो लीग संघाला विजेतेपद मिळवून दिले, आणि त्या संघात तर मेमी जॉन्सन व कॉनी मॉर्गन या दोन स्त्रिया खेळत होत्या. मेजर लीगला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, थेट १९७५ मध्ये सापडला! म्हणजे चार्ल्सटन यांची पात्रता तपासण्याची वेळच कोणी येऊ दिली नाही.

मिडविकेट : ठीक आहे, मॅनेजर म्हणून मान्य, आपला आवाज मोठा आहे. ०.३६३ पुढची माझी शंकेची तारांकित टीप मात्र कायम राहील.

पिट्सबर्गकर : मग मेजर लीगने कृष्णवर्णीयांना दार उघडले त्या १९४७ पूर्वीच्या प्रत्येक गोऱ्या फलंदाजापुढेही एक तारा लावा, कारण तोवर त्यांनी पेजचा एकही चेंडू लीगमध्ये खेळलेला नाही.