हॉटेल, मेस, फड, ऑर्केस्ट्रा : बंद होतं तेव्हाचं नको, उघडल्यावर काय झालं ते लिहा

मीठभाकर
लॉकडाऊनचे धागे खूप झाले, थाळ्या, दिवे, डालगोना कॉफी, पुरे आता. मला वेगळं ऐकायचंय. खाण्याच्या किंवा गाण्याबजावण्याच्या जागा ज्यांनी चालवल्या, तिथे नोकरी केली, ज्यांचं पोट तिथल्या स्टेजवर होतं, अशांनी लिहा.

माझ्या दिरांचं ठाण्यात छोटं हॉटेल होतं, आठ टेबलं, दुपारी थाळी आणि संध्याकाळी मिसळ-वडा. मार्च २०२० ला बंद केलं तेव्हा घरात फारसं कुणी हललं नव्हतं, जागामालक स्वतःहून म्हणाले भाड्याचं नंतर बघू. वाट लागली ती ५ ऑक्टोबरनंतर, पन्नास टक्क्यांवर उघडायला परवानगी आली तेव्हा. उघडलंय म्हटल्यावर भाडं पूर्ण, लाईटबिल कमर्शियल, आचारी गावाला जाऊन बसलेला त्याला आणायचा तर आधी ॲडव्हान्स पाठवा, आणि टेबलं मात्र चार. बरं त्या चारवर तरी माणसं बसतायत का, तर नाही, दारात येतात, आत डोकावतात आणि "पार्सल करा" म्हणतात. पार्सलला डबा, पिशवी, वर ॲपवाल्यांचं कमिशन. दीर म्हणायचे बंद होतो तेव्हा तोटा किती ते माहीत तरी होतं, आता रोज रात्री गल्ला मोजल्यावर कळतं. एप्रिल २०२१ ला परत बंद झालं आणि त्यांनी जागाच सोडून दिली. माझं मत झालंय की बंदीने जेवढे मेले त्यापेक्षा जास्त अर्धवट उघडण्याने मेले. पटत नसेल तर तसंही लिहा. हॉटेलचं, मालकाचं नाव मात्र नको, उगाच भांडणं नकोत.

नवीपेठेतली काकू
मी लिहिते. पुण्यात मेस आहे माझी, सगळी एमपीएससीची पोरं, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारी, नांदेड लातूर बीड बुलढाणा अशी कुठून कुठून आलेली. मेसचं गणित असं असतं की पैसे महिन्याचे आगाऊ घ्यायचे आणि पोरगं जेवायला आलं नाही, आधी सांगून गेलं, तर त्याचा खाडा लावायचा आणि तेवढे दिवस पुढच्या महिन्यात वळते करायचे. मार्च २०२० ला पोरं रातोरात गेली, पेट्या नि पुस्तकं रूमवर तशीच. माझ्या वहीत सगळ्यांचे खाडे उभे राहिले. म्हणजे पैसे माझ्याकडे आलेले, किराण्यात गेलेले, आणि जेवण देणं बाकी.

मग तो परीक्षेच्या तारखांचा खेळ. राज्यसेवा पूर्व होती ५ एप्रिल २०२० ला, ती पुढे गेली, मग सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर, तीही गेली, मग १४ मार्च २०२१. तारीख जाहीर झाली की पोरं परत यायची, मी गव्हाची पोती, तेलाचे डबे भरायचे, पोळ्यावाल्या दोघींना बोलवायचे, आणि परीक्षा पुढे ढकलली की आठवड्यात पंगत अर्धी. गहू टिकतो हो, पण कांदा बटाटा आणि दूध थांबत नाही. ११ मार्च २०२१ ला तीन दिवसांवर आलेली परीक्षा परत पुढे गेली तेव्हा पोरं रस्त्यावर बसली, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं असेल. त्यातली कितीतरी माझ्याकडे जेवणारी, रात्री उशिरा आली, घसे बसलेले. त्या दिवशी आमटीभात परत शिजायला टाकला, मेसच्या कार्डावर टिक केली नाही. परीक्षा शेवटी २१ मार्चला झाली आणि पुढच्या पंधरा दिवसांत कडक निर्बंध.

मीठभाकर, तुमचं पटलं. मला पूर्ण बंद परवडलं असतं. या तारखांनी मारलं.

आणि हो, खाडे. २०२२ ला एक पोरगा आला, म्हणाला काकू माझे वीस खाडे राहिलेत. वही काढून बघितलं तर खरंच होते. जेवला वीस दिवस. काहीजण आलेच नाहीत, त्यांची पानं अजून तशीच आहेत.

स्टँडसमोर
सातारा जिल्हा, तालुक्याचं गाव, एसटी स्टँडच्या समोर वडिलांपासूनचं हॉटेल. आमचं गिऱ्हाईक म्हणजे एसटीतनं उतरणारं. एसटी बंद तर आम्ही बंद, साधा हिशोब. आम्हाला शिवभोजन केंद्र, सरकारी अनुदानाच्या स्वस्त थाळीचं, मिळालेलं, त्यानं तगवलं. ग्रामीण भागात थाळीला ३५ रुपये धरलेले, आधी त्यातले १० गिऱ्हाईक द्यायचं, मार्चअखेर २०२० ला ५ केले आणि एप्रिल २०२१ ला थाळी फुकटच झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. त्यात सुटतं काय विचारू नका, पण पातेलं रोज चुलीवर चढत होतं आणि कामाच्या दोन बायका घरी बसल्या नाहीत. प्रत्येकाचा ॲपवर फोटो काढायला लागायचा, म्हातारी माणसं मास्क काढून हसून पोज द्यायची.

पण ऐका पुढं. कोरोना सरत आला म्हणून दिवाळीच्या तोंडावर उधारीवर माल भरला, फर्निचरला रंग दिला, आणि ऑक्टोबरअखेर २०२१ ला एसटीचा संप. एप्रिल २०२२ पर्यंत. कामगारांच्या मागण्यांवर माझं काही म्हणणं नाही, पण आमच्या स्टँडवर त्या सहा महिन्यांत कुत्री झोपायची. कोरोनात निदान सगळ्यांचंच बंद होतं, लोक विचारायचे तरी कसं चाललंय. संपात कुणी विचारलंही नाही.

ढोलकी जुन्नरकर
ताई, आमचं उलटं आहे. तुमचं अर्धं उघडलं, आमचं अर्धं उघडूच शकत नाही. गावची जत्रा पन्नास टक्के होत नसती.

मी तमाशात वाजवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दसऱ्याला फड, म्हणजे तमाशाचा ताफा, बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो, पण वर्षाची कमाई ती चैत्रातल्या जत्रांची. पाडव्याच्या आधी नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, भाव होतो, सुपारी (कार्यक्रमाचा सौदा) ठरते, विसार म्हणजे आगाऊ रक्कम हातात पडते. आता कॅलेंडर बघा. २०२० चा पाडवा २५ मार्चला, देशभर लॉकडाऊनचा पहिला दिवस तोच. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आणि १४ च्या रात्री आठपासून परत संचारबंदी. सलग दोन सीझन, दोन्ही बरोबर पाडव्याला कापले. जून-जुलैत बंदी आली असती तर आम्हाला काही फरक पडला नसता, तेव्हा आम्ही घरीच असतो.

मालकाचं काय होतं, सीझन लागायच्या आधीच त्यानं कलाकारांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटलेली असते, नाचणाऱ्या पोरी, सोंगाड्या, वादक, तंबूवाले, ड्रायव्हर, स्वैपाकी. ती उचल सावकाराकडनं आणलेली. चैत्रात फेडायची. चैत्र गेला. वरनं पंच विसार माघारी मागायला लागले, आणि त्यांचं तरी काय चुकलं, गावची वर्गणी होती ती. ट्रक एका शेतात उभे केले, टायर बसले, कनात उंदरांनी खाल्ली. पोरी कांदा काढायला गेल्या, मी पण गेलो, आमच्याकडं तेच काम मिळतं. वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, राजा होणारा माणूस दुसऱ्याच्या बांधावर कांद्याची पात कापत होता आणि मुकादम त्याला ओळखून "महाराज, हात उचला" म्हणायचा, सगळे हसायचे, तो पण हसायचा.

५ नोव्हेंबर २०२० ला नाट्यगृहं उघडली म्हणून पेपरात फोटो आले. आमच्या जत्रा बंदच राहिल्या. २०२१ ला सरकारनं कलावंतांना ५ हजाराची एकरकमी मदत जाहीर केली. त्यावर मी काही बोलत नाही, कुणाला मिळाले त्याला तेवढाच आधार. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला, त्याच दिवसापासून निर्बंध उठले, तेव्हा कुठं ढोलकीला धड हात लागला. पण सगळे कुठं परत आले. आमचा सोंगाड्या चाकणला कंपनीत सिक्युरिटीला लागला, त्याची पोरं म्हणतात बाबा आता नको. बरोबरच आहे त्यांचं.

वायरमन
साऊंडवाला आहे, पुणे. थोडक्यात. कर्जावर सिस्टीम घेतलेली २०१९ ला. मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते थांबवायची मुभा, मिळालं मार्च ते ऑगस्ट २०२०, पण व्याज चालूच होतं हे लोकांना नंतर समजलं. गणपतीला मंडळाच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा, मिरवणूक नाही, आमचा सीझनच तो. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव नाही, २०२० ला नाही, २०२१ ला नाही, थेट २०२२ ला झाला. माझं काम तिथं मेन स्टेजवर नसतं, बाहेरच्या छोट्या बैठकांना असतं, पण सवाईचा आठवडा म्हणजे पुण्यात गाण्याची हवा असते आणि त्या हवेवर तंबोरे लावणारे, खुर्चीवाले, वड्याचे स्टॉलवाले सगळे जगतात. उघडल्यावर अर्ध्या हॉलचे कार्यक्रम मिळाले, पण हॉल अर्धा भरला म्हणून स्पीकर अर्धे लावता येत नाहीत. आयोजक म्हणणार बजेट अर्धं आहे. गोडाऊनमध्ये बंद राहून साऊंड मिक्सरचे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) अडकायला लागले, सगळे उघडून साफ केले. दोन स्पीकर विकले. जमलं तसं जमलं.

टेक्सासवाला जोशी
मी ऑस्टिनला असतो. इथे मार्च २०२० च्या पहिल्याच आठवड्यात साऊथ बाय साऊथवेस्ट रद्द झाला, शहराची वर्षाची मोठी कमाई गेली. थ्रेडगिल्स म्हणून जागा होती, जेवण आणि गाणं दोन्ही, जॅनिस जॉपलिन सुरुवातीला तिथे गायची. एप्रिलमध्येच कायमचं बंद होतंय असं जाहीर झालं. मी तिथे चिकन फ्राइड स्टेक खायला जायचो, बायको भाज्यांची प्लेट घ्यायची. इथे केंद्र सरकारने नंतर बंद थिएटरं आणि म्युझिक हॉल यांच्यासाठी खास ग्रँट काढली, पण कायदा डिसेंबर २०२० ला पास झाला आणि पैसे हातात यायला २०२१ चा उन्हाळा. तोवर जे तगले त्यांनाच मिळाले. ढोलकी जुन्नरकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

परमिटरूम
पनवेलकडे बार आहे, गुरुवार ते रविवार गाणी असायची, एक कीबोर्डवाला, दोन सिंगर, सगळं लायसन्समधलं. जून २०२१ चे नियम आठवतायत का? निर्बंधांच्या पाच पातळ्यांतली लेव्हल तीन. हॉटेल बार दुपारी चारपर्यंत, शनिवार रविवार फक्त पार्सल. आता मला सांगा बारमध्ये दुपारी चारच्या आधी कोण येतं, आणि आलाच तर त्याला मी आग्रह करू का? गाणी साडेआठला सुरू व्हायची. सिंगर म्हणाली शेठ, मी दुपारी बारा वाजता गझल म्हणते, तुम्ही पडदे लावा. खरंच करून बघितलं एक दिवस, किचनचे लोक आणि एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव एवढीच मैफल.

१५ ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत परवानगी आली, पण स्टाफचे दोन्ही डोस झालेले आणि वर चौदा दिवस उलटलेले पाहिजेत. माझे वेटर सगळे पंचविशीतले, त्यांना पहिला डोस मिळाला जूनच्या शेवटी, कोविशील्डच्या दोन डोसमध्ये ८४ दिवसांचं अंतर. करा हिशोब, सप्टेंबरअखेर दुसरा, ऑक्टोबर उजाडला धंद्याला. म्हणजे परवानगी होती, गिऱ्हाईक होतं, आणि वाढायला माणूस नव्हता. मी आणि मेव्हणा, आम्ही दोघं चाळिशीपुढचे, डोस झालेले, आम्हीच ट्रे घेऊन फिरत होतो. लायसन्स फी, भाडं, सगळं भरलंय. मालक म्हणजे पैशावर लोळतो असं लोकांना वाटतं म्हणून लिहिलं.

आठ नंबर टेबल
इतका वेळ मालकांचं वाचलं, आता वेटरचं वाचा. मंडणगडचा आहे, मुंबईत एका हॉटेलात वेटर होतो, मग कॅप्टन झालो. मार्चचा पगार वीस तारखेपर्यंतचा दिला आणि शेठ म्हणाले गावी जाऊन या. गावी गेलो तर ३ जूनला निसर्ग वादळ, घराचे पत्रे गेले, आंबा-काजूची झाडं आडवी. ऑक्टोबरात फोन आला, या म्हणून. आलो तर काय, सीट अर्धी म्हणून पगार अर्धा, पण ड्युटी पूर्ण, आणि त्यात टेबलं सॅनिटाईझ करा, दारात बंदूक धरून ताप मोजा, पार्सलच्या पिशव्यांना गाठी मारा हे जास्तीचं. वेटरचा संसार टिपवर चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. पार्सल न्यायला येणारा डिलिव्हरीचा पोरगा टिप देतो का? तोच बिचारा जिन्यात बसून डबा खायचा. एप्रिलला परत बंद, परत गाव. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी गेलो नाही. मीठभाकर म्हणतात अर्धवट उघडण्यानं मारलं, बरोबर आहे, पण ते अर्ध कुणाच्या खिशातनं काढलं तेही लिहा.

परमिटरूम
@आठ नंबर टेबल, सगळे मालक तसे नसतात. मी पहिले चार महिने किराणा भरून दिला स्टाफला. पगार नाही देऊ शकलो, कुठून देणार होतो? गल्ला शून्य असताना पूर्ण पगार देणारा मालक मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो.

आठ नंबर टेबल
शेठ, तुम्ही किराणा दिलात, चांगलं केलंत. पण पूर्ण पगार कुणी मागितला? आमच्याकडं कधी सांगितलंच नाही धंदा किती होतो, भाडं किती जातं. विचारलं तर "तुला काय करायचंय". आकडा दाखवला असता तर अर्ध्यावरपण थांबलो असतो, दहा वर्षं काढली होती तिथं. आता खेडला एका कंपनीच्या कँटीनला आहे. पगार तिथल्यापेक्षा कमी, टिप नाही, पण पीएफ कापतात आणि रविवारी सुट्टी.