मदत हवी आहे: फ्रेटलायनरवर सीबीचा अँटेना, एसडब्ल्यूआर तीनच्या खाली येतच नाही

हायवे_८०
नमस्कार मंडळी. अमेरिकेत ट्रक चालवतो, बहुतेक वेळ आय-८० हायवेवरच असतो. नुकतीच सेकंडहँड फ्रेटलायनर कॅस्केडिया ट्रक घेतली, स्लीपरवाली (केबिनमागे झोपायची जागा असलेली).

सीबी (गाडीतला कमी पल्ल्याचा बोलायचा रेडिओ) हवाय तो गप्पांसाठी नाही, ट्रकवाल्यांच्या चॅनेल १९ वर गप्पा तशाही फारशा उरलेल्या नाहीत. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात हिवाळ्यात वारा असा सुटतो की पुढे गाड्या आडव्या पडल्यात हे ॲपवर दिसेपर्यंत आपण तिथे पोचलेले असतो. समोरून येणारा ड्रायव्हर १९ वर ओरडून सांगतो. ते दोन मैल आधी कानावर आलं तरी पुरे. सध्या मला जेमतेम शेजारच्या लेनमधला माणूस ऐकू येतो.

गाडीला दोन्ही आरशांच्या दांड्यांवर माउंट आहेत. उजवीकडचा अँटेना आधीच्या मालकाकडेच तुटलेला, नुसता स्टड उरलाय. डावीकडे चार फुटी फायबरग्लासचा नवा लावला, टोकाला ट्यूनिंग स्क्रू असलेला. रेडिओही नवा, साधा ४ वॉटचा. मोकळ्या जागेत, दारं बंद करून एसडब्ल्यूआरचा मीटर लावला (रेडिओची ताकद अँटेनाकडून किती परत येते ते दाखवतो, एकच्या जितकं जवळ तितकं चांगलं), तर चॅनेल १, २० आणि ४० तिन्हीवर सुई तीनच्या पलीकडे. स्क्रू पूर्ण आत घेतला, पूर्ण बाहेर काढला, सुई ढिम्म.

ट्रक स्टॉपवरच्या दुकानात म्हणाले दोन अँटेनांचा महागातला जोड घ्या. घेऊ का?

तांब्याची_तार
थांबा, काहीही विकत घेऊ नका. आणि तोवर माइकचं बटण दाबून बोलू नका, एवढ्या एसडब्ल्यूआरवर रेडिओतला आउटपुट ट्रान्झिस्टर जातो.

अँटेनाची लांबी चुकली असती तर १ आणि ४० मध्ये फरक दिसला असता. ४० वर जास्त आलं तर अँटेना लांब, १ वर जास्त आलं तर आखूड. तुमचं सगळीकडे सारखंच वाईट आहे, म्हणजे दोष एकतर ग्राउंडमध्ये (माउंटचा गाडीच्या धातूशी असलेला जोड) किंवा केबलमध्ये. केबलवर काय छापलंय ते वाचून सांगा.

हायवे_८०
डॅशच्या मागे दोन केबल एकाच प्लगमध्ये शिरतात. दोन्हीवर आरजी-५९ लिहिलंय.

तांब्याची_तार
सापडलं! ही को-फेज केबल आहे, दोन अँटेनांसाठीची. ५० ओमचे दोन अँटेना सरळ जोडले तर रेडिओला २५ ओम दिसतील, त्याला हवेत ५०. म्हणून ७५ ओमची केबल घेतात, प्रत्येक बाजूला साधारण १८ फूट. आरजी-५९ मध्ये २७ मेगाहर्ट्झला ही पाऊण तरंगलांबी भरते. त्या लांबीत ५० चे ११२ ओम होतात, असे दोन समांतर जोडले की ५६, आणि रेडिओ खूश.

आता तुमच्या उजव्या केबलच्या टोकाला अँटेनाच नाही. पाऊण तरंगलांबीची केबल एका टोकाला उघडी ठेवली की दुसऱ्या टोकाला जवळपास शॉर्ट दिसते. म्हणजे तुमचा रेडिओ शॉर्टमध्ये बोलतोय. डावीकडे सोन्याचा अँटेना लावलात तरी सुई हलणार नाही.

ती जोडकेबल काढा. एका अँटेनाला ५० ओमची केबल, आरजी-५८ किंवा आरजी-८एक्स. जास्तीची लांबी घट्ट गुंडाळू नका, सैल मोठ्या वेटोळ्यात ठेवा.

पुणेरी_हॅम
वरच्याशी सहमत, पण ग्राउंड विसरू नका. आरशाची दांडी दाराला, दार बिजागरीला, मध्ये रंग, गंज आणि प्लॅस्टिकचे बुश. मल्टिमीटरने माउंटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. एक ओमपेक्षा जास्त आलं तर माउंटखालचा रंग खरवडा आणि दारापासून केबिनच्या धातूपर्यंत चपटी विणलेली तांब्याची पट्टी टाका. स्टडखालचा नायलॉनचा वॉशरही तपासा. तो फुटला असेल तर मधला भाग थेट दांडीला टेकतो.

रेडिओत एफएम असेल तर एएमवरच ठेवा. एफसीसीने (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) २०२१ मध्ये सीबीवर एफएमला परवानगी दिली खरी, पण १९ वर अजून एएमच चालतं.

ओन्टारियोकर
मी दोन अँटेनांच्या बाजूचा. ट्रकला दोन अँटेना म्हणजे बैलाला दोन शिंगं, एकच असलं की बघवत नाही. शिवाय पुढे-मागे रेंज वाढते.

तांब्याची_तार
रेंज वाढते, पण दोन्हींत पाव तरंगलांबीचं, म्हणजे ९ फुटांचं अंतर असेल तर. आरशापासून आरसा तेवढा भरत नाही, थोडा कमीच पडतो. फायदा होतो, पण नीट ग्राउंड केलेल्या एकाच्या तुलनेत किरकोळ. शिवाय दोन्ही एकसारखे हवेत, ट्यूनिंगही दोन्हींचं एकदम करावं लागतं, आणि फांदीला लागून एक मोडला की परत हीच रड. माझं मत: एकच, पण नीट. वरचा निम्मा भाग तरी केबिनच्या छताच्या वर राहू द्या, नाहीतर ट्रेलरचा डबा मागची बाजू झाकून टाकतो. आणि टोक साडेतेरा फुटांच्या खाली ठेवा, पूर्वेकडचे पूल आठवून.

हायवे_८०
मंडळी, काम झालं! माउंटपासून बॅटरीपर्यंत ४० ओम येत होते. रंग खरवडून पट्टी टाकल्यावर अर्ध्या ओमच्या आत आले. नवी आरजी-८एक्स टाकली. पहिल्यांदा चॅनेल १ वर १.६, ४० वर २.१. म्हणजे लांब, म्हणून स्क्रू थोडा आत घेतला. आता १ वर १.५, २० वर १.३, ४० वर १.५. काल समोरच्या बाजूचा ड्रायव्हर दोनेक मैलांवरून स्वच्छ ऐकला.

एक शंका उरली. सतत बारीक भणभण येते. इंजिन बंद केलं तरी असते, अँटेनाची केबल काढली की जाते.

पुणेरी_हॅम
इंजिन बंद असतानाही येते म्हणजे अल्टरनेटर नाही. केबल काढल्यावर जाते म्हणजे रेडिओच्या वायरिंगमधूनही नाही, अँटेनाच ती पकडतोय. स्लीपरमध्ये इन्व्हर्टर आहे का? आधी तो बंद करा, मग मोबाइल आणि लॉगबुकच्या टॅबलेटचे चार्जर एकेक करून उपटा. स्वस्तातले यूएसबी चार्जर फार घाण करतात.

हायवे_८०
इन्व्हर्टर आहे, त्यावर फ्रिज चालतो. आज रात्री थांबलो की बंद करून बघतो आणि इथेच लिहितो.