‘लिटरली’ या शब्दाचा अर्थ सैल होऊ देणे योग्य आहे का?

अधोरेखा: ‘आय वॉज लिटरली डेड’ (‘मी शब्दशः मेले होते’) यासारख्या वाक्यांना नाके मुरडणारे लोक निव्वळ शिष्टपणा करतात आणि शब्दकोशांनीच हा वापर नोंदवल्यामुळे वाद मिटला आहे, असे काल एका सदस्यांनी ठासून लिहिले. मला ते मुळीच पटलेले नाही. मी रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये दुभाषी म्हणून काम करते. एका रुग्णाने सांगितले की, त्याचा उजवा हात ‘लिटरली पॅरलाइझ्ड’ झाला होता. पेला उचलता येत होता का, बोटे मिटत होती का, असे एकेक विचारत गेल्यावर कळले की हात नुसता बधिर झाला होता. ‘माझे बोलणे जसेच्या तसे घ्या’ हे सांगण्याचा हा हक्काचा शब्द जर अतिशयोक्तीच्या दावणीला बांधला, तर ज्याचा हात खरोखरच लुळा पडला आहे त्याने काय म्हणावे?

काळा फळा: आपला अनुभव गंभीर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. हा वापर आजच्या तरुणांनी आणलेला नाही. इंग्रज लेखिका फ्रान्सिस ब्रूक यांच्या 1769 च्या कादंबरीत सुंदर स्त्रियांच्या मेळाव्यात येऊन पडलेल्या पुरुषाविषयी ‘हे लिटरली कमळांमध्ये चरणे आहे’ अशा अर्थाचे वाक्य आहे. जेम्स जॉइस यांच्या ‘द डेड’ या कथेचे पहिलेच वाक्य सांगते की, लिलीची धावून धावून ‘लिटरली’ दमछाक झाली होती. शिवाय अशा वाक्यात ‘लिटरली’चा अर्थ ‘लाक्षणिक अर्थाने’ असा होतच नाही. तो केवळ जोर देतो. ‘व्हेरी’ हा शब्दही ‘खरा’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला आणि जोर देता देता झिजला. त्याबद्दल आज कोणी सुतक पाळत नाही.

मुद्रितशोधक: मूळ दुखणे शब्दकोशांचे आहे. 1961 मध्ये वेबस्टर या अमेरिकन इंग्रजी कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘एन्ट’सारख्या (‘इज नॉट’ऐवजी बोलल्या जाणाऱ्या) अशिष्ट मानलेल्या रूपांना पुरेशी तंबी न देता जागा दिली, तेव्हापासून कोशकारांनी पंचाची शिट्टी टाकून दिली आहे. मी वर्षानुवर्षे मुद्रिते तपासतो आहे. एखाद्या लेखकाची ढिलाई दाखवून दिली की तो कोशाचे पान माझ्यापुढे धरतो आणि मी निरुत्तर व्हावे अशी अपेक्षा करतो. जो कोश सगळ्यांनाच प्रवेश देतो, त्याचा आधार तो कसला?

काळा फळा: कोश म्हणजे न्यायालय नव्हे, हे आपल्याला कितीदा सांगायचे? वेबस्टरच्या थोरल्या कोशाने ‘लिटरली’चा हा वापर 1909 मध्येच नोंदवला होता आणि त्याच वर्षी अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स यांनी आपल्या पुस्तकात त्यावर कोरडे ओढले होते. म्हणजे आपली तक्रार आणि कोशातील नोंद या दोन्ही एकाच वयाच्या आहेत. 1961 च्या त्या वादानंतर, 1969 मध्ये, अमेरिकन हेरिटेज कोश जाणकारांचे मंडळ नेमून निघाला. तरीही लोक जसे बोलायचे तसेच बोलत राहिले.

मुद्रितशोधक: लोक बोलतात म्हणून ते योग्य, हा युक्तिवाद एका शिक्षकाने करावा याचा मला संताप येतो. ऑक्सफर्डच्या कोशाने 2011 मध्ये हा अर्थ घेतला तो ‘बोलीतील’ असा शिक्का मारून. तो शिक्का आपण सोयीस्करपणे वगळता आणि नोंद तेवढी मिरवता.

काळा फळा: शिक्का आहे, हे मान्य. मात्र तो शब्द कुठे वापरला जातो ते सांगतो. वापरणारा अडाणी आहे असे सांगत नाही. वर्गात एका मुलीने आपले भाषण सुरू करताच मी या एका शब्दावरून तिला अडवले होते. ती खाली बसली आणि त्या तासाला पुन्हा उठली नाही. शुद्धतेची ती किंमत मला फार मोठी वाटते.

पानगळ: आपण सर्वजण मराठीत लिहीत आहोत, म्हणून विचारते. ‘पावसाने पिकाची अक्षरशः माती केली’ हे वाक्य अधोरेखाताई कापतील का? ‘अक्षरशः’च्या पोटात ‘अक्षर’ आहे, तसे ‘लिटरली’च्या पोटात अक्षर या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. दोन्ही शब्द एकाच वाटेने गेले आहेत आणि आपली पंचाईत झालेली नाही.

अधोरेखा: नाइलाजाने कबूल करते की, ते वाक्य मी कापणार नाही, कारण तिथे कोणाचीही फसगत होत नाही. परंतु जिथे फसगत होऊ शकते तिथे काय? ‘इन्फ्लेमेबल’ (सहज पेट घेणारे) म्हणजे पेट न घेणारे, असा लोकांचा गैरसमज होईल या भीतीने विसाव्या शतकात धोक्याच्या पाट्यांवर ‘फ्लेमेबल’ हा शब्द पुढे आणावा लागला. तिथे शब्द बदलण्याची सोय होती. ‘लिटरली’च्या जागी कोणता शब्द ठेवणार? ‘रिअली’ आणि ‘ट्रूली’ तर आधीच झिजलेले आहेत.

काळा फळा: पर्यायी शब्द माझ्याकडे नाही, एवढे आपले खरे. पण ‘पॅरलाइझ्ड’ हा शब्दही त्या रुग्णाने सैलच वापरला होता. ‘लिटरली’ गाळला असता तरी आपल्याला तेच प्रश्न विचारावे लागले असते.

मुद्रितशोधक: छापील मजकुरातील ‘लिटरली’ मी यापुढेही कापणार आहे, कारण दहांपैकी नऊ ठिकाणी तो काढला तरी वाक्याचे काहीच बिघडत नाही.

काळा फळा: खुशाल कापा. मात्र ती शैलीविषयीची तक्रार झाली. अर्थाविषयी आपण अद्याप काहीच सिद्ध केलेले नाही.