कुंडी आधीच दाखवली होती

दादा, 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या सीझनचा शेवट म्हणजे फसवणूक, लहान पोराला घातलेलं झाडाचं विष आयत्या वेळी आणलं, असं तुम्ही म्हणताय. मला नाही पटत. शेवटच्या आधीचा भाग परत लावा. नायक वॉल्टर घरामागं पोहण्याच्या तलावाशेजारी बसलाय, टेबलावर पिस्तूल गरगर फिरवतोय. दोनदा नळी त्याच्याकडंच वळते, तिसऱ्यांदा लिली ऑफ द व्हॅली या झाडाच्या कुंडीकडं. बास, विष त्यानंच घातलं हे तिथंच सगळं सांगितलंय. आपण मात्र रायसिन, रायसिन करत त्याचा साथीदार जेसीच्या, ते दुसरं विष लपवलेल्या, हरवलेल्या सिगारेटमागं धावलो.

मी आणि मावसभाऊ राजारामपुरीत त्याच्या खोलीवर पहाटे तीनपर्यंत यावरच भांडलो होतो. तो म्हणे वॉल्टरचा शत्रू, ड्रग्जवाला गस, त्यानंच केलं. मी म्हणे, लहान पोराला विष घालणं गसला परवडतच नाही. वॉल्टरचं नाव दोघांच्याही तोंडी आलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे.

आणि ते विष काही हवेतलं नाही. लिली ऑफ द व्हॅलीत हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं असतात, आपल्या कण्हेरीत असतात त्याच जातीची. आमच्या बांधावर कण्हेर आहे, शेळी तिला तोंड लावत नाही. पूजेला फुलं तोडली की आजी आधी हात धुवायला लावायची. एवढं माहीत असून कुंडी दिसली नाही बघा.

सिगारेटचंही तसंच. वकील सॉलच्या ऑफिसात त्याचा अंगरक्षक ह्युएल जेसीला चाचपतो, तेव्हाच ती काढून घेतो. पाचव्या सीझनमध्ये जेसीला त्याचा उलगडा होतो, तेव्हा तो सीन मागं जाऊन नक्की बघा.