हरिपाठाच्या पुस्तिकेतल्या पहिल्या पानावर त्याच्याविषयी काय लिहावे?

तापीकाठ

माझा मावसभाऊ गेल्या श्रावणात, कानबाईच्या (आमच्या खान्देशातला देवीचा सण) आदल्या दिवशी, वयाच्या २९व्या वर्षी वारला. त्याच्या वर्षश्राद्धाला गावात (चोपडा तालुका) कीर्तन ठेवले असून त्या वेळी हरिपाठाची पुस्तिका वाटायची आहे. तिच्या पहिल्या पानावर, फोटोखाली छापायचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

त्याची पिकअप गाडी होती आणि तो केळीची वाहतूक करीत असे. कापणीला सातपुड्यातून येणाऱ्या पावरा आदिवासी मजुरांना रात्री त्यांच्या पाड्यापर्यंत सोडून येणे हे त्याचे काम नव्हते, तरी तो रिकामी फेरी पदरात घेऊन जाई. २०२१च्या एप्रिलमध्ये, जेव्हा सख्खे नातलगही रुग्णाला गाडीत घ्यायला धजत नव्हते, तेव्हा त्याने गावातली माणसे जळगावला पोहोचवली आणि कोणाकडून डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.

शेवटची सहा वर्षे तो दारूच्या पूर्ण आहारी गेला होता. तरीही प्यायला बसण्याआधी गाडीची किल्ली तो न चुकता मावशीच्या हातात आणून देई. गेल्या वर्षी कानबाईच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांच्या जेवणाला, शुद्धीत बसायचे असे त्याने ठरवले आणि बुधवारी रात्रीपासून एकदम सोडली. गुरुवारी हात थरथरत होते, शुक्रवारी आकडी आली, रात्रभर तो असंबद्ध बोलत राहिला आणि दवाखान्यात नेल्यावर शनिवारी दुपारी गेला.

गावात सगळे म्हणतात, ‘पोर्‍या चांगला व्हता, पन दारूनी खाई टाकं.’ मावशीचे म्हणणे, दारूचा शब्दही नको. मला मात्र तो शब्द गाळला तर पानावर दुसराच कोणीतरी उतरेल असे वाटते. जाणत्यांनी सांगावे.

पिलबाग

मावशींचे ऐका. अशी पुस्तिका रद्दीत जात नाही. ती देवघरात राहते आणि एकादशीला उघडली जाते. घरात लग्नाची मुलगी असेल तर उद्या सोयरीक जुळवताना हेच पान कोणीतरी पुढे करील. मी पंचवीस वर्षे लोकांची अशी पाने लिहून देत आलो आहे आणि त्यांतल्या एकाही माणसाचा दोष मी लिहिलेला नाही, कारण तो लिहिण्याची ती जागाच नव्हे. आजारी माणसे पोहोचवली आणि मजुरांना घरी सोडले, एवढे पुरेसे आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि अनेक वर्षे अशा रुग्णांजवळ रात्री काढल्या आहेत. कागदपत्रे न पाहता मृत्यूचे कारण सांगणे योग्य नाही, म्हणून मी ते सांगणार नाही. परंतु तुम्ही वर्णन केलेला क्रम आमच्या ओळखीचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारू सतत दाबून ठेवते आणि तो दाब तोलण्यासाठी मेंदू स्वतःला अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली की दाब जातो आणि उत्तेजना तेवढी उरते. शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ तासांच्या आत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, घाम, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. म्हणूनच अशी सोडवणूक डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन करावी लागते. घरात कोंडून घेऊन, शपथ घालून किंवा देवापुढे बसवून ती करू नये, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

२०१९मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचे नोंदले होते. पिलबागदादा दोष म्हणतात, मी आजार म्हणेन; आणि मधुमेहाने गेलेल्या माणसाच्या पानावर कोणी मधुमेह लपवत नाही. शेवटी बारीक अक्षरांत १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक छापता आला तर पाहा.

भुसावळचा_प्रवासी

मी अकरा वर्षांपूर्वी सोडली, तीही तिसऱ्या खेपेला, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार घेतो.

मदत क्रमांक पुस्तिकेत नको. कीर्तनाच्या मंडपाबाहेर फलक लावा. पान त्याचे आहे, ते त्याचेच असू द्या. आणि सोडताना गेला म्हणून त्याला हुतात्माही करू नका, कारण त्या सहा वर्षांत मावशींनी काय सोसले असेल ते मला माझ्या आईच्या तोंडावरून कळते.

मला खटकतो तो गावाच्या वाक्यातला ‘पण’. चांगला होता, पण प्यायचा, असे म्हटले की ऐकणारा आधीचे सगळे विसरतो. माझ्याविषयी हे वाक्य मी जिवंतपणी पुष्कळदा ऐकले आहे. किल्ली आणून देणारा आणि पिणारा ही दोन माणसे नव्हती. पिणाऱ्यानेच किल्ली दिली. दुसऱ्या कोणाच्या जिवाला आपल्यापासून धोका होऊ नये एवढी शुद्ध त्याने रोज, प्यायच्या आधी, राखली. मी पीत होतो तेव्हा माझ्या मोटारसायकलची किल्ली माझ्याच खिशात असायची. तेव्हा किल्लीचे लिहा. दारूचा शब्द त्या वाक्यात आपोआप येईल आणि तो कोणाला बोचणारही नाही.

तापीकाठ

सर्वांचे आभार. पिलबागदादा, तुमची काळजी मला समजते. म्हणूनच मावशीच्या आधी मी त्याच्या बहिणीला विचारले आणि तिने होकार दिला.

मजुरांचे आणि २०२१चे लिहून झाल्यावर शेवटी मी एवढेच लिहिले आहे : ‘दारू प्यायच्या आधी तो गाडीची किल्ली आईच्या हाती देत असे. कानबाईच्या रोटांना शुद्धीत बसता यावे म्हणून त्याने दारू सोडली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.’ मदत क्रमांकाचा फलक मंडपाबाहेर लागेल.

मावशीला मजकूर दोनदा वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने किल्लीचे वाक्य सगळ्यात वर घ्यायला सांगितले. आमच्याकडे रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. काल गहू घेताना तिने त्याचीही मूठ घातली, आणि भावकीतल्या बायका समोर बसलेल्या असूनही कोणी तिला हटकले नाही.