आरंभीचे स्कॉटिश नाटक आणि नगरजीवन

प्रश्न (खानापूर): बेळगावच्या वाचनालयात डेव्हिड लिंडसे यांच्या ‘थ्री एस्टेट्स’विषयी वाचले. राजदरबारात वावरलेल्या कवीच्या या नाटकाचा शहराच्या जगण्याशी संबंध कसा लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निपाणी): हे नाटक १५५२ मध्ये कुपर येथे आणि १५५४ मध्ये एडिनबर्गमधील कॅल्टन टेकडीच्या पायथ्याशी, ग्रीनसाइडच्या उघड्या मैदानावर झाले. धर्मगुरू, सरदार आणि नगरातील व्यापारी हे तिन्ही वर्ग आपापल्या दुर्गुणांच्या मागोमाग उलट्या पावलांनी रंगस्थळी येतात. त्याआधी एक गरीब शेतकरी मध्येच घुसून गाऱ्हाणे मांडतो, की वडील, आई आणि बायको वारली तेव्हा प्रत्येक वेळी धर्मगुरूने एकेक गाय नेली आणि घोडी जमीनदाराने नेली. मला हा प्रवेश साऱ्या नाटकाचा प्राण वाटतो.

उत्तर (शहापूर, बेळगाव): निपाणीकरांशी सहमत आहे. मात्र खरा धागा कारागिरांच्या संघांचा आहे. ॲबर्डीनमध्ये १४४२ सालीच कँडलमास या ख्रिस्ती सणाच्या मिरवणुकीत कोणत्या संघाने कोणती पात्रे आणावीत, हे नगरसभेने ठरवून दिले होते. १५५५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने रॉबिन हूड या लोककथांतील दरोडेखोराच्या खेळांवर बंदी घातली, तरी १५६१ मध्ये एडिनबर्गच्या कारागिरांनी तो खेळ केलाच, आणि त्यापायी फाशीची शिक्षा झालेल्या एका चांभाराला तुरुंग फोडून सोडवले.

प्रश्नकर्ता (खानापूर): दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता संघांच्या नोंदींपासूनच वाचायला सुरुवात करतो.